पंचावन्नाव्या वर्षी चार मैत्रिणी आणि नॉर्वेचा किनारा : कोणती बोट, कोणता महिना, किती केबिनी?

गोदाकाठ :

नमस्कार. आम्ही चौघी मैत्रिणी १९८८ ते १९९१ या काळात पुण्यातल्या एका वसतिगृहात एकाच खोलीत राहत होतो. आज मी नाशिकला आहे, दुसरी ठाण्याला, तिसरी कोल्हापूरला आणि चौथी लग्नानंतर जर्मनीत स्थायिक झाली आहे. ‘एकदा फक्त चौघींनीच कुठे तरी जाऊ’ हे वाक्य आम्ही गेली वीस वर्षे एकमेकींना ऐकवत आलो. पण कुणाच्या मुलाची बारावी, कुणाच्या सासूबाईंचे दुखणे, कुणाची बदली, असे काही ना काही आडवे येत राहिले. गेल्या वर्षी ठाण्याच्या मैत्रिणीचे यजमान अचानक गेले. त्यांच्या दिवसांना आम्ही तिघी जमलो, तेव्हा स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता जर्मनीतली म्हणाली, “आता पुढच्या वेळी अशा कारणासाठी भेटायचे नाही.” त्यातून हा बेत पुढे आला.

उत्तरेकडची समुद्रयात्रा करायची, नॉर्वेचा किनारा पाहायचा आणि नशिबात असेल तर नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे उत्तरेच्या रात्रीच्या आकाशात चमकणारा रंगीत प्रकाश, पाहायचे, एवढे नक्की झाले आहे. पुढे मात्र चार डोकी आणि पाच मते आहेत. जर्मनीतल्या मैत्रिणीने तिथल्याच एका बंदरातून सुटणाऱ्या, तीन-चार हजार प्रवाशांच्या मोठ्या क्रूझची माहिती पाठवली आहे. तिच्यावर पोहण्याचा तलाव, नाट्यगृह, सात-आठ उपाहारगृहे असे सगळे आहे. कोल्हापूरची मात्र बर्गनहून किर्केनेसपर्यंत जाणाऱ्या, त्या मानाने लहान अशा किनारी बोटीवर अडून बसली आहे, कारण तिने त्या बोटीविषयी कुठे तरी वाचले आणि तिला ते भावले.

माझे प्रश्न असे. या दोन प्रकारांत आमच्या वयाला आणि स्वभावाला कोणता मानवेल? महिना कोणता निवडावा? कोल्हापूरची इन्सुलिनवर आहे आणि तिचा उजवा गुडघाही कुरकुरतो, तर तिने कोणती काळजी घ्यावी? मी शाकाहारी आहे. माझे अगदीच हाल होतील का? ज्यांनी मित्रमैत्रिणींबरोबर असा प्रवास केला आहे, त्यांनी आपला अनुभव सविस्तर लिहावा, ही विनंती. सहल कंपन्यांची पत्रके वाचून माझे डोळे दिपले आहेत. आता ज्याने स्वतः डेकवर उभे राहून नाक गोठवून घेतले आहे, अशा माणसाचे ऐकायचे आहे.

बर्गनचा पाऊस :

नाक तीन वेळा गोठवून घेतले आहे, त्यामुळे उत्तर देण्याचा अधिकार आहे असे समजतो. नॉर्वेत राहून मला चौदा वर्षे झाली. पहिल्यांदा या बोटीने गेलो तो आई-वडिलांना घेऊन, मग पत्नीबरोबर, आणि तिसऱ्यांदा, पन्नाशी उलटल्यावर, भारतातून आलेल्या तीन शाळासोबत्यांबरोबर.

आपण ज्यांची तुलना करत आहात, त्या दोन बोटी एका जातीच्याच नाहीत. मोठी क्रूझ म्हणजे पाण्यावर तरंगणारे हॉटेल. बाहेर नॉर्वे असो की आणखी काही, आतला दिवस तसाच जातो. किनारी बोट ही मुळात टपालाची आणि मालाची बोट आहे, आणि आजही ती ते काम करते. १८९३ मध्ये रिचर्ड विथ नावाच्या कप्तानाने ‘वेस्टेरोलेन’ ही आगबोट ट्रॉनहाइमहून हामरफेस्टला नेली आणि जिथे हिवाळ्यात पत्र पोहोचायला महिनोन्महिने लागत, तिथे ते तीन दिवसांत पोहोचू लागले. या सेवेचे नाव पडले ‘हुर्टीग्रूटेन’, म्हणजे जलद मार्ग. आज या मार्गावर त्या नावाच्या कंपनीच्या सात आणि २०२१ पासून हाविला या दुसऱ्या कंपनीच्या चार अशा अकरा बोटी फिरतात. बर्गन ते किर्केनेस या वाटेवर चौतीस बंदरे लागतात आणि जाऊन-येऊन बारा दिवस होतात. काही बंदरांत बोट तीन-चार तास थांबते, तर काही ठिकाणी जेमतेम पंधरा मिनिटे. कोकणात पूर्वी मुंबई-गोवा आगबोट जशी एकेक बंदर घेत जायची, तसाच हा प्रकार, फक्त पडाव नाहीत आणि धक्का बोटीला भिडतो. पहाटे तीन वाजता एखाद्या चिमुकल्या गावाच्या धक्क्यावर दिवे लागतात, बोटीच्या पोटातले दार उघडते, फोर्कलिफ्ट चार-पाच फेऱ्या मारते, पाठीला पिशवी लावलेली शाळकरी मुलगी एकटीच चढते आणि कॅफेतल्या खुर्चीत पाय दुमडून झोपी जाते. मला हे नाट्यगृहापेक्षा जास्त आवडते. पण ज्याला संध्याकाळी गाणे-बजावणे लागते त्याला इथे चुकल्यासारखे होईल, हेही सांगून ठेवतो.

दिशेचा एक मुद्दा पुष्कळांच्या लक्षात येत नाही. वेळापत्रक असे आखले आहे की उत्तरेला जाताना जी बंदरे रात्री मागे पडतात, त्यांतली बरीचशी परतताना दिवसा दिसतात. जाताना ट्रॉम्सोला दुपारी चांगले चार तास मिळतात, होनिंग्सवोगहून बसने नॉर्थ केपला जाऊन येता येते. तिथला कडा समुद्रसपाटीपासून ३०७ मीटर उंच आहे आणि अक्षांश ७१ अंशांच्या थोडा वर. परतताना वेस्टेरोलेन आणि लोफोटेनची बेटे उजेडात भेटतात. पैसे वाचवण्यासाठी पुष्कळ जण किर्केनेसला उतरून ऑस्लोचे विमान पकडतात, आणि त्यात गैर काही नाही. पण आपल्याला मुख्यतः एकमेकींबरोबर राहायचे असेल, तर पूर्ण फेरी करा असे मी म्हणेन. किर्केनेसला निम्मे पर्यटक उतरतात. बोट रिकामी होते, वाढपी नावाने ओळखू लागतात, खिडकीजवळची एक जागा आपोआप आपली होऊन जाते. आम्हा चौघांचे खरे बोलणे सातव्या दिवशी सुरू झाले; तोपर्यंत आम्ही फोटोच काढत होतो.

महिना : सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य. उन्हाळ्यात, म्हणजे साधारण मेच्या शेवटापासून जुलैच्या शेवटापर्यंत, ट्रॉम्सोत सूर्य मावळतच नाही. तो देखावा अप्रतिम आहे, पण तेव्हा आकाशात काहीही चमकले तरी ते उजेडात दिसणार नाही. उलट नोव्हेंबरच्या अखेरीपासून आणि डिसेंबरभर सूर्य क्षितिजावर येतच नाही, चार तास निळसर संधिप्रकाश आणि मग रात्र; ज्याला डोंगर पाहायचे आहेत त्याची निराशा होते. विषुवदिनाच्या आसपास दिवस आणि रात्र आपल्याकडच्यासारखे जवळजवळ बारा-बारा तासांचे असतात, बर्च झाडे पिवळी झालेली असतात आणि अंधारही पुरेसा मिळतो. ऑक्टोबर पुढे सरकला की वादळे वाढतात.

लाइट्सबद्दल एक खुलासा करतो. फोटोत दिसतो तसा हिरवागार पडदा दर वेळी डोळ्यांना दिसत नाही. क्षीण असेल तेव्हा तो पांढुरक्या, लांबट ढगासारखा वाटतो आणि आपण ‘ढगच आहे’ म्हणून आत जातो. मोबाईलचा कॅमेरा धरला की हिरवा निघतो. जोरात असेल तेव्हा मात्र शंकेला जागाच राहत नाही. बहुतेक बोटींवर रात्री प्रकाश दिसला की केबिनमधल्या ध्वनिक्षेपकावरून सांगतात. झोपताना ते बटण चालू ठेवा आणि जाकीट, टोपी, बूट दाराशी तयार ठेवा. माझ्या एका मित्राने जाकीट शोधण्यात जी सहा मिनिटे घालवली, तेवढ्यात आकाश विझले होते. तो अजून आम्हालाच दोष देतो.

बोट हलेल का? हलेल. बहुतांश प्रवास बेटांच्या आडोशाने होतो आणि पाणी तलावासारखे असते, पण स्टाडच्या टोकाजवळ, फोल्डाच्या पट्ट्यात, बोडोहून लोफोटेनकडे जाताना वेस्टफ्योर्डमध्ये आणि नॉर्थ केपच्या पूर्वेला बारेंट्स समुद्रात उघडा दर्या लागतो. हे पट्टे काही तासांचे असतात. केबिन घेताना खालच्या मजल्यावरची आणि बोटीच्या मध्यावरची घ्या. पुढच्या टोकाजवळची घेऊ नका, कारण तिथे हेलकावे जास्त आणि प्रत्येक बंदरात बोट वळवणाऱ्या यंत्रांची घरघर थेट उशाखाली येते. कानात घालायचे बोळे न्याच.

जेवणाचे म्हणाल तर अगदीच हाल होणार नाहीत. आरक्षण करतानाच ‘शाकाहारी, अंडे चालते की नाही’ हे लिहून कळवा आणि पहिल्या संध्याकाळी मुख्य वाढप्याला भेटून पुन्हा सांगा. बीट, बटाटे, मशरूम, कंदमुळे, उत्तम पाव आणि चीज मिळेल; तिखट मिळणार नाही. घरून चटण्या, चिवडा, खाकरे न्या. पेढे, बर्फी, तूप मात्र नेऊ नका, कारण भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत आणायला बंदी आहे. केबिनमध्ये किटली लावू देत नाहीत, आगीचा धोका म्हणून. पण उकळते पाणी कॅफेत मिळते.

मासे खाणाऱ्यांसाठी एक गंमत. लोफोटेनच्या गावांत लाकडी दांड्यांच्या उंच मांडवांवर कॉड मासा वाळत घालतात. मीठ नाही, फक्त वारा आणि थंडी. हंगाम फेब्रुवारी ते मेचा, त्यामुळे आपण जाल तेव्हा मांडव रिकामे असतील. तरीही माझ्या वसईच्या मित्राने तो रिकामा सांगाडा पाहताच ‘ही तर आमची वलांडी’ म्हणून त्याला मिठी मारली. आपल्याकडे बोंबील, तिकडे कॉड. वास सारखाच, असे त्याचे मत आहे.

स्टेथोस्कोप :

मी साताऱ्यात पस्तीस वर्षे वैद्यकीय व्यवसाय केला आणि दोन वर्षांपूर्वी याच मार्गावर पत्नी व तिच्या भावंडांसह गेलो होतो. वरच्या उत्तरात बहुतेक सगळे आले आहे, म्हणून मी प्रकृतीपुरतेच लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे या किनारी बोटींवर डॉक्टर नसतो. मोठ्या क्रूझवर दवाखाना असतो आणि तिथले बिल पाहून रक्तदाब वाढतो. इथे बंदर कायम काही तासांच्या अंतरावर असल्याने रुग्णाला पुढच्या बंदरात उतरवून तिथल्या रुग्णालयात नेतात. त्यामुळे विमा हा व्हिसाचा कागद म्हणून घेऊ नका. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाला, किमान तीस हजार युरोंचे संरक्षण लागते, पण मैत्रिणीचा मधुमेह अर्जात स्पष्ट लिहा आणि आधीपासून असलेल्या आजारांना संरक्षण आहे की नाही, हे पॉलिसीच्या मजकुरात स्वतः वाचा. एजंटाच्या ‘सगळे कव्हर आहे हो’ या वाक्यावर विसंबू नका. नियमित तपासणीची तारीख प्रवासाआधी तीन-चार आठवडे धरा, म्हणजे औषधात बदल झाला तर तो घरी असतानाच अंगवळणी पडेल.

इन्सुलिन हातातल्या बॅगेत न्यावे, सामानात टाकू नये, कारण विमानाच्या पोटात ते गोठण्याची भीती असते. बोटीवर डेकवर जाताना पेन बाहेरच्या खिशात ठेवू नये, शरीराजवळच्या आतल्या खिशात ठेवावे. आपल्याकडे इन्सुलिन उन्हापासून जपायची सवय असते, थंडीपासून जपायची नसते. डॉक्टरांची चिठ्ठी औषधांच्या मूळ नावांसह इंग्रजीत घ्यावी. सप्टेंबरात नॉर्वेचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. रात्रीचा डोस कसा सरकवायचा, हे तिने स्वतःच्या डॉक्टरांना विचारावे, या पानावर नाही.

बोट लागण्यावर गोळी घ्यायची तर ती समुद्र उघडा होण्यापूर्वी तास-दोन तास घ्यावी लागते. पोट ढवळू लागल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. स्टुजेरॉन किंवा अ‍ॅव्होमिन या आपल्या ओळखीच्या गोळ्या, पण दोन्हींनी झोप येते आणि काचबिंदू असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय अ‍ॅव्होमिन घेऊ नये. रिकाम्या पोटी राहणे ही चूक सगळे करतात. इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीने तर ती करूच नये : इन्सुलिन घेतले आणि नंतर उलटी झाली, तर साखर झपाट्याने उतरू शकते. चौघींपैकी किमान दोघींना तिची साखर तपासता आली पाहिजे आणि उतरल्याची लक्षणे ओळखता आली पाहिजेत. नाशिकला बसून एका दुपारी शिकून होते.

गुडघ्यासाठी दोन शब्द. भरती-ओहोटीनुसार बोटीवरून उतरायच्या फळीचा उतार बदलतो, तेव्हा एक घडीची काठी न्यावी. लाज वाटत असेल तर ‘ट्रेकिंगची’ म्हणावे. काही बोटींत जुन्या पद्धतीचे वर-खाली बंक आहेत. वरच्या बंकवर रात्री दोनदा उठणाऱ्या पंचावन्न वर्षांच्या माणसाने चढू नये, हे मी माझ्या मेहुण्याच्या उदाहरणावरून सांगतो. त्याचा घोटा बोडोजवळ मुरगळला आणि नॉर्थ केप त्याने आमच्या मोबाईलवर पाहिला.

गोदाकाठ :

दोघांचेही मनापासून आभार. आम्ही चौघींनी काल रात्री हे सगळे फोनवर वाचून काढले. किनारी बोटीवर तिघींचे एकमत झाले आहे आणि चौथी रुसून का होईना, तयार आहे.

आता खरी अडचण सांगते, जी पहिल्या पत्रात लिहायचे धाडस झाले नव्हते. आमचा बेत दोन केबिनींचा होता, दोघी-दोघींचा. ठाण्याची म्हणते आहे की तिला स्वतंत्र केबिन हवी, आणि एकट्या माणसासाठीचा जादा आकार ती स्वतः भरेल. आम्हा तिघींना ते पटत नाही. ज्या बाईला वर्षभर एकटेपणा सोसावा लागला, तिला सोबत मिळावी म्हणून हा खटाटोप, आणि तिनेच अकरा रात्री एकटीने काढायच्या? शिवाय तिच्याकडे पैसे आहेत, तर कोल्हापूरची शाळेत शिक्षिका आहे आणि तिला केबिनचा वाटासुद्धा जड जाणार आहे. एक वेगळी केबिन आणि उरलेल्या तिघी एकीत, असे झाले तर हिशेबच बिघडतो. कुणी असा पेच सोडवला आहे का?

सहा डबे :

सोडवला नाही, त्यात अडकून बाहेर पडलो, एवढेच म्हणता येईल. आम्ही सहा मित्र २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये याच वाटेने गेलो. सगळे एकाच कारखान्यात उमेदवारी केलेले, त्यामुळे रोज जेवणाचे डबे एकत्र उघडणारे. म्हणून हे टोपणनाव.

आमच्यातही एक होता, ज्याची बायको आधीच्या वर्षी गेली होती. आम्ही त्याला आग्रहाने माझ्या केबिनमध्ये घातले. बोलता येईल, रडता येईल, असा विचार. तिसऱ्या रात्री मला जाग आली तेव्हा तो अंथरुणात नव्हता. घाबरून शोधायला गेलो, तर सातव्या मजल्यावरच्या काचेच्या दालनात, दिवे मालवलेल्या अंधारात, एकटा बसला होता. मला पाहून म्हणाला, “तू झोपलास की मी इथे येतो. तुझ्यासमोर मला बरा असल्यासारखे वागावे लागते.” सकाळी मी बोटीच्या कचेरीत विचारले, एक लहान, खिडकी नसलेली केबिन रिकामी होती. ती त्याला घेतली. त्यानंतर तो दिवसा आमच्यात अधिक मोकळा झाला, पत्ते खेळला, भांडला, एकदा आमच्यावर ओरडलासुद्धा. आपली मैत्रीण स्वतंत्र केबिन मागते आहे याचा अर्थ ती आपल्यापासून दूर जाते आहे, असा कृपा करून काढू नका. केबिन ही फक्त झोपायची जागा आहे; सकाळी सात ते रात्री अकरा मैत्रीण आपलीच आहे. रात्री एकटीने दार लावून घेता आले, तरच दिवसभर चौघींत राहणे तिला झेपेल. कदाचित तिलाही हे असे सांगता येत नसेल, म्हणून ती पैशांची भाषा बोलते आहे.

तिघी एका केबिनमध्ये मात्र राहू नका. त्या खोल्या आपल्या रेल्वेच्या फर्स्ट क्लासच्या डब्याहून फार मोठ्या नसतात. एक पलंग, दुसरा दिवसा सोफा होणारा, आणि तिसऱ्यासाठी जे काही भिंतीतून खाली येते त्यावर फक्त मुले झोपतात. माझा सल्ला : दोघींसाठी एक बाहेरची केबिन आणि बाकी दोघींसाठी दोन आतल्या, खिडकी नसलेल्या केबिनी. आतल्या केबिनीचा दर बराच कमी असतो, आणि या प्रवासात केबिनच्या खिडकीतून कोण बघतो? जो तो डेकवर किंवा काचेच्या दालनात असतो. कोल्हापूरच्या मैत्रिणीला रात्री सोबत हवीच, साखरेमुळे, म्हणून ती दोघींतली एक. हिशेब करताना तिन्ही केबिनींची बेरीज करून चार समान वाटे पाडू नका. जिची जी केबिन तिचा तो दर, आणि दोघींच्या केबिनचे दोन भाग. म्हणजे शिक्षिकेचा वाटा सगळ्यांत कमी पडतो आणि कुणी कुणावर उपकार करत नाही. उपकाराची भाषा एकदा सुरू झाली की तीस वर्षांची मैत्रीही अवघडते.

बाकी खर्चासाठी आम्ही निघण्यापूर्वी एका मित्राच्या कार्डावर सगळ्यांनी सारखी रक्कम भरली आणि कॉफी, बस, संग्रहालयाची तिकिटे त्यातूनच दिली. तिकडे नोटा फारशा कुणी वापरत नाही. ज्या सहली महाग आहेत, कुत्र्यांच्या गाडीच्या, शिकारी गरुड दाखवणाऱ्या होडीच्या, त्या ज्याच्या त्याने आपापल्या कराव्यात आणि न करणाऱ्याला ‘का नाही येत?’ असे विचारू नये. हा नियम आम्ही मुंबई विमानतळावरच केला, कारण आमच्यातही एक जण निवृत्तिवेतनाशिवाय निवृत्त झालेला होता. एरवी आपण एक कॉफी पिताना तिचे रुपये करतो आणि ती गिळवत नाही. ते मात्र पहिल्या दोन दिवसांनंतर सोडून द्यावे लागते.

दारूचे व्यसन असलेल्याला नॉर्वे परवडत नाही, हे सोडले तर आमचे मोठे भांडण एकदाच झाले आणि ते वेळेवरून. परतीच्या वाटेवर स्वोल्वेरला बोट संध्याकाळी थांबते. एक मित्र बायकोसाठी लोकरीचा स्वेटर पाहायला गेला. बोटीच्या दाराशी निघायची वेळ मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते, पण त्याचे घड्याळ अजून भारताच्या वेळेवर होते आणि तो मनात वजाबाकी करत हिंडत होता. बोट सुटली. आम्ही पाच जण कठड्याशी उभे, तो धक्क्यावर पिशवी हलवतो आहे, असे दृश्य. सुदैवाने पुढचे बंदर स्टामसुंद त्याच बेटांच्या साखळीवर आहे आणि तिथपर्यंत रस्ता जातो. तो टॅक्सी करून तासाभरात पोहोचला आणि अंधारात धक्क्यावर आमची वाट पाहत बसला. टॅक्सीचे भाडे किती झाले, ते त्याने आजवर कुणालाही सांगितलेले नाही. स्वेटर मात्र वहिनींना सैल होतो. तेव्हा चौघींनीही घड्याळे बोटीच्या वेळेवर लावा, आणि पासपोर्ट, औषधे व एक कार्ड घेतल्याशिवाय दहा मिनिटांसाठीसुद्धा खाली उतरू नका.

परसदार :

थोडे बाजूचे, पण विषयाशी लागून. ज्यांची मुले अमेरिकेत आहेत आणि ज्यांच्या पासपोर्टवर तिथला दहा वर्षांचा व्हिसा आधीच आहे, अशांना अलास्का सोपे वाटते. आम्ही पाच बहिणी-मैत्रिणी तिकडेच गेलो. एक गोष्ट लक्षात ठेवावी. १८८६ च्या एका अमेरिकी कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या बोटीला एका अमेरिकी बंदरातून प्रवासी घेऊन थेट दुसऱ्या अमेरिकी बंदरात सोडता येत नाही, आणि सिअ‍ॅटलहून सुटून सिअ‍ॅटललाच परतायचे तरी मध्ये परदेशी बंदर घ्यावे लागते. म्हणून बहुतेक बोटी व्हँकुव्हरहून निघतात किंवा व्हिक्टोरियाला थांबतात, आणि भारतीय पासपोर्टवर कॅनडाचाही व्हिसा लागतो. आमच्या एकीला हे बोटीचे पैसे भरल्यावर कळले. हिमनद्या मात्र डोळ्यांचे पारणे फेडतात. ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ बोटी सोडतात, त्यामुळे तिथे शांतता असते. नॉर्दर्न लाइट्सच्या आशेने तिकडे जाऊ नका, कारण बोटींचा हंगाम मुख्यतः उन्हाळ्याचा आणि रात्री उजेडाच्या.

बर्गनचा पाऊस :

व्हिसावरून आठवले. आपल्यापैकी तिघींना शेंगेन व्हिसा लागेल आणि मुख्य मुक्काम नॉर्वेत असल्याने अर्ज नॉर्वेसाठीच करावा, मैत्रीण जर्मनीत आहे म्हणून जर्मनीसाठी नाही. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज घेतात. कुणी उत्तरेकडची स्वालबार्ड बेटे जोडायचा मोह दाखवला तर सावध राहा : ती नॉर्वेची असली तरी शेंगेनमध्ये येत नाहीत, म्हणून परतताना पुन्हा प्रवेश करता येईल असा व्हिसा लागतो.

आणि ‘सहा डबे’ यांनी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो. जाताना आर्क्टिक वृत्त ओलांडले की डेकवर दाढीवाला वरुणदेव अवतरतो आणि इच्छुकांच्या मानेतून पाठीवर बर्फाचे पाणी ओततो. परतताना त्याच वृत्तावर चमचाभर कॉड माशाचे तेल पाजतात आणि चमचा आठवण म्हणून देतात. शाकाहारी व्यक्तीने पहिल्यात भाग घ्यावा, दुसऱ्यात नुसते पाहावे.

गोदाकाठ :

ठरले. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात बर्गनहून, पूर्ण फेरी. कोल्हापूरची आणि मी बाहेरच्या केबिनमध्ये, बाकी दोघी एकेका आतल्या केबिनमध्ये. तिन्ही केबिनी एकाच मजल्यावर, बोटीच्या मध्यावर मिळाल्या. जर्मनीतलीला स्वतंत्र केबिन अनपेक्षितपणे मिळाल्यामुळे तिचा रुसवा गेला आहे. ती घोरते हे आम्हाला १९८८ पासून ठाऊक आहे, पण ते आम्ही तिला सांगितलेले नाही.

‘सहा डबे’ यांचे पत्र मी ठाण्याच्या मैत्रिणीला जसेच्या तसे पाठवले. तिचे उत्तर दोन दिवसांनी आले, आणि त्यात केबिनबद्दल अवाक्षर नव्हते. तिने लिहिले होते, “ते काचेचे दालन रात्री उघडे असते ना, एवढे विचार.” तर मंडळी, असते का?

बर्गनचा पाऊस :

रात्रभर उघडे असते. पांघरूण न्यायला सांगा. खिडकीजवळच्या खुर्च्यांत गार लागते.